लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची तारीख

माझं लग्न झालं तेव्हा माझी मुलगी सात वर्षांची होती आणि तिच्या ताब्याचा दावा कोर्टात सुरू होऊन एक पावसाळा उलटला होता. हे मी एकदा शिक्षकांच्या प्रशिक्षणात शेजारी बसलेल्या पुण्याच्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी क्रम चुकला नाही ना म्हणून दोनदा विचारून घेतलं. क्रम बरोबर आहे. आमच्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर तो असाच असतो. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली, दोन्हीकडची चार माणसं बसून बोलली, की मुलगी मुलाच्या घरी राहायला जाते. चूल मांडते, भात लावते, पोरं होतात. लग्न सवडीने. मांडव, वाजंत्री, गावजेवण आणि धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई, हे सगळं जुळून येईल तेव्हा. कुणाचं दोन वर्षांत जुळतं, कुणाचं वीस वर्षांत. त्यात कुणाला लाज वाटत नाही.

अट एकच. आईबापाचं लग्न लागल्याशिवाय पोरांचं लागत नाही. त्यामुळे मुलाच्या आधी बापाला हळद लागलेली मी लहानपणापासून बघत आले आहे, आणि मला त्यात कधी काही विचित्र वाटलं नव्हतं. विचित्र वाटायला आधी वकील भेटावा लागतो.

मुलीच्या बापाला मी इथे 'तो'च म्हणणार आहे, कारण त्याला नवरा म्हणायचं की नाही यावरच सगळा दावा अडला होता. त्याचं घर जामसरच्या बाजूला. मी तिथे आठ वर्षं नांदले. भांडणाचं म्हणावं तर तसं काही नव्हतं. मला मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत तासिकेवर शिकवायचं काम मिळालं आणि त्याला भिवंडीत गोदामात. मी एका दिशेला, तो दुसऱ्या दिशेला, आणि मुलगी मधे त्याच्या आईपाशी. सुट्टीत भेटायचो तेव्हा एकमेकांचं जेवण बेचव लागायला लागलं. भांडायलासुद्धा एका घरात राहावं लागतं, तेवढीही सवड आम्हाला नव्हती. शेवटी एका जूनमध्ये मी मुलीला उचललं, माझ्या आईच्या पाड्यावर आणलं आणि तिथल्या शाळेत घातलं. तो भिवंडीहून आला, घरात मुलगी नाही हे बघितलं आणि तडक वकिलाकडे गेला.

त्याचं चुकलं असं मी आज म्हणत नाही. तेव्हा मात्र दिवसभर म्हणत होते. वर्गात पाढे घेताना मधेच मनात म्हणत होते. माझी पोर माझ्यापासून नेतील ही भीती अशी बसली होती, की शाळेच्या फाटकाशी जीप थांबली तरी मी खडू टाकून खिडकीशी जायची.

कोर्टात पहिल्याच तारखेला कळलं, की आमचं भांडण मुलीवरून नसून लग्नावरून आहे. माझ्या वकिलांनी मला बाजूला घेऊन समजावलं. लग्न झालेलं नसेल तर मूल आईचं, आपली बाजू भक्कम. तेव्हा तुम्ही ठामपणे सांगायचं की या माणसाशी माझं लग्न झालेलं नाही. त्याच्या वकिलाने त्याला नेमकं उलटं समजावलं होतं. झालं असेल तर बापाचा हक्क मोठा, तेव्हा ठामपणे सांग की झालंय. म्हणजे ज्या बाईचं तोंड बघायला तो तयार नव्हता तिला तो भर कोर्टात बायको, बायको म्हणत होता, आणि ज्याच्यासाठी आठ वर्षं भाकऱ्या थापल्या त्याला मी शपथेवर परका म्हणत होते. आदिवासींना अमुक कायदा लागू होतो की नाही यावर दोन्ही वकील बराच वेळ बोलले. आम्हाला एवढंच समजलं की आमच्यासारखी माणसं त्यांच्या पुस्तकात धड बसत नव्हती.

हे मी घरी सांगितलं तेव्हा आई नागली पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"लगीन नाय झाला म्हनून सांगला? मंग पोर काय करवंदीचे जाळीत गवसली का तुला?"

मी तिला कायदा समजावला. तिने तो ऐकून घेतला आणि तिचा कायदा मला समजावला. तुम्ही दोघं उद्या तोंडं फिरवून बसाल, दोघं दुसरा घरोबा कराल. मग ही पोर मोठी होईल, हिला कुणी मागायला येईल, आणि धवलेरी विचारेल, हिच्या आईबापाचं लागलंय का? तेव्हा काय कोर्टाचा कागद दाखवणार? काडीमोड घ्यायचा तर खुशाल घ्या, पण आधी लग्न लावा. लग्नच लागलं नाही तर मोडणार काय?

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि बीएड झालेल्या बाईकडे उत्तर नसलं की ती चिडते, तशी मी चिडले. पण मुलीची वाट माझ्यामुळे अडेल ही गोष्ट एकदा मनात शिरली ती निघेना. शेवटी आईनेच त्याच्या घरी निरोप धाडला. तिकडे तर आनंदच झाला. त्याच्या वकिलाने म्हणे त्याला सांगितलं, की बाई स्वतःहून लग्नाला उभी राहत असेल तर यासारखा पुरावा नाही, फोटो भरपूर काढ. म्हणजे आई लग्न लावत होती ते नातीच्या पुढच्या लग्नासाठी, तो लावत होता ते दावा जिंकण्यासाठी, आणि मी उभी राहत होते ते आईचं तोंड बंद व्हावं म्हणून. माझ्या वकिलांना मी काहीच सांगितलं नाही. त्यांचा स्वभाव तापट होता.

त्यात आणखी एक अडचण निघाली. आमचं लावायचं तर आधी त्याच्या आईबापाचं लागलेलं हवं, आणि ते लागलेलं नव्हतं. चाळीस वर्षं राहून गेलं होतं. मग असं ठरलं, की एकाच मांडवात सकाळी सासू-सासऱ्यांचं आणि दुपारी आमचं. दिवस धवलेरीने दिला. ती म्हातारी बाई, चार गावांनी हात जोडून आधीच बोलावून ठेवलेली. तिच्याकडे वैशाखातला तेवढा एकच दिवस मोकळा होता, आणि तो आमच्या तारखेच्या नेमका आदला दिवस निघाला. कोर्टाची तारीख पुढे ढकलता येते हे सगळ्यांना माहीत होतं. धवलेरीची ढकलता येत नाही हेही माहीत होतं. पण दोन्ही पाळता येतील असं सगळ्यांना वाटलं आणि तिथेच आम्ही फसलो.

लग्न छान झालं, हे मला कबूल केलं पाहिजे. सासरे नव्या धोतरात अंग चोरून बसले होते. सासू तर इतकी लाजत होती, की धवलेरीने गाणं थांबवून तिला मान वर करायला लावली. भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक काढलेला होता. करवली कोण, हा प्रश्न आला. करवली म्हणजे नवऱ्यामागे उभी राहणारी लहान मुलगी. तीच नवऱ्याचं उपरणं आणि नवरीचा पदर यांची गाठ मारते आणि लग्न आटोपून नवरा-नवरी उंबरा ओलांडून घरात आली की ती सोडते. नवऱ्याच्या बहिणीचा हा मान. पण त्याला बहीण नव्हती. दोन्ही घरांत मिळून बिनलग्नाची मुलगी एकच, आमची. तेव्हा सकाळी ती आजा-आजीची करवली झाली आणि दुपारी आईबापाची. नवा फ्रॉक, कपाळाला हळद, हातात लोटा. इतकी खूश मी तिला त्या वर्षात बघितली नव्हती.

सकाळी आजा-आजी घरात शिरले, तिने लगेच गाठ सोडली, हातावर गूळ-खोबरं घेतलं आणि खेळायला पळाली. दुपारी आम्ही उंबरा ओलांडला. ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, नाही सोडत.

सगळे हसले. करवलीने अडून बसायचं आणि काहीतरी उकळायचं ही रीतच आहे. गूळ दिला, नको. बांगड्या दिल्या, नको. त्याने भिवंडीहून आणलेली बाहुली आधीच द्यायला काढली, तीही नको. तासाभराने हसणं थांबलं. माझ्या आईने तिला दटावलं, सासूने कुरवाळलं. मी शिक्षिकेच्या आवाजात तीन मोजते म्हणाले, आणि तिने शांतपणे माझ्याबरोबर तीन मोजले. मग कुणीतरी म्हणालं की आपणच सोडून टाकू. धवलेरी ओट्यावर पान लावत बसली होती. तिने तिथूनच सांगितलं,

"जिनी बांधली तिनीच सोडायची. दुसऱ्याचा हात लागला तं लगीन बाटला."

उपरणं खांद्यावरून काढून ठेवायला काय जात होतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटलं. पण गाठ असताना उपरणं उतरवणं हेही धवलेरीच्या लेखी तेच. त्याला धास्ती, की लग्न बाटलं तर पुरावा गेला. माझ्या आईला धास्ती, की लग्न बाटलं तर नात बिनलग्नाची राहिली. आणि मी एवढा सगळा तमाशा सोसल्यावर तो फुकट घालवायला आता मीच तयार नव्हते. तेव्हा आम्ही बांधलेले राहिलो. एका पंगतीत एकाच बाजूला जेवलो. त्याचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला, त्यामुळे तो घास घ्यायचा तेव्हा माझा पदर त्याच्या आमटीत जायचा. मला हात धुवायला जायचं तर त्यालाही तहान लागल्यासारखं करावं लागे. आणखी कुठे जायचं झालं की माझा भाऊ उपरण्याचं टोक भिंतीच्या अलीकडे त्याच्या खांद्यावर दाबून धरून उभा राहायचा आणि मी पदर सोडवता येईल तितका लांबवून पलीकडे जायची. आठ वर्षांच्या संसारात आम्ही इतका वेळ एकमेकांजवळ कधी काढला नव्हता. तो एकदा हळूच म्हणाला की तू बारीक झालीस. मी म्हटलं की उद्या कोर्टात सांग.

झोपायची वेळ झाली तेव्हा आम्हाला भिंतीला टेकवून बसवलं आणि मुलगी आमच्या दोघांच्या मधे, गाठ मुठीत धरून झोपून गेली. मूठ सैल होईना. झोपेत सोडवलेली चालेल का, म्हणून विचारायला भावाला धवलेरीकडे पाठवलं, पण ती दुसऱ्या गावच्या मांडवाला निघून गेली होती.

सकाळी तारखेला जायचंच होतं. गेलो नाही तर निकाल विरुद्ध जाईल, अशी भीती दोघांनाही आपापल्या वकिलाने घातलेली. काळी-पिवळी जीपमध्ये आम्ही तिघं पुढे बसलो, अंगाला हळद, डोक्याला बाशिंगाचे वळ. रस्त्यात माणसं ओळखीचं हसत होती. जीपवाल्याने नवरा-नवरीचं भाडं नको म्हटलं आणि देवाला चाललात का म्हणून विचारलं. त्याने खरं सांगितलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात माझे वकील दुरून मला बघून थांबले. जवळ आले, हळद बघितली, गाठ बघितली, आणि इतकं हळू बोलले की मला वाटलं यांना बरं नाही.

"बाई, मी आठ महिने लिहून देतोय की तुमचं लग्न झालेलं नाही."

पलीकडे त्याचे वकील ओळखीपाळखीच्या लोकांना पेढे वाटत होते. दोघांना वाटलं समेट झाला. कारकुनाला वाटलं, शिपायाला वाटलं, बाकावरच्या परक्या माणसांनीही आम्हाला आशीर्वाद दिले. शिपायाने आमचा पुकारा केला. अर्जदार एका बाजूला, सामनेवाली दुसऱ्या बाजूला, अशी तिथली शिस्त. माझ्या वकिलांनी मला डावीकडे ओढलं, त्याच्या वकिलांनी त्याला उजवीकडे. मधे पदर आणि उपरणं दोरीसारखं ताणलं गेलं आणि त्या दोरीखाली मुलगी, दोन्ही हात वर करून गाठीला लोंबकळलेली.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

दोन्ही वकील एकदम बोलायला लागले. एक म्हणाले हा पुरावा आहे, एक म्हणाले ही फसवणूक आहे. बाईंनी दोघांना बसवलं आणि आम्हालाच विचारलं, की आता एकत्र राहणार का? आम्ही दोघं एका सुरात नाही म्हणालो. कित्येक वर्षांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. मग लग्न कशाला केलं, असं त्यांनी विचारलं. त्याने त्याच्या वकिलाकडे बघितलं. मी माझ्या आईचं कारण सांगितलं. ते कोर्टात उभं राहून स्वच्छ मराठीत सांगताना मला प्रथमच समजलं की ते किती शहाणपणाचं होतं आणि किती वेडगळ दिसत होतं. बाईंनी ते न हसता, गंभीरपणे ऐकलं. मग त्यांची नजर खाली गेली आणि त्यांनी मुलीला पुढे बोलावलं. ती येईना, कारण यायचं तर गाठ सोडावी लागली असती. तेव्हा आम्हालाच दोघांना तिच्यासकट पुढे जावं लागलं.

"तू का नाही सोडत गं ही?" बाईंनी विचारलं.

आम्ही कुणी तिला हे विचारलंच नव्हतं. सोड म्हटलं होतं, गूळ देतो म्हटलं होतं, मार देईन म्हटलं होतं. का, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी रोज चाळीस पोरांना प्रश्न विचारते.

"आजा-आजीची सोडली. ते एकेच घरात निजतं," ती म्हणाली. "यांची सोडली का हे दोघा दोन वाटंना जातील. मंग मी कोनाचे मांगं जाव?"

मला रडू आलं आणि डोळे पुसायला पदर वर केला तर त्याचं उपरणं आलं. त्याने ते सोडवून घेतलं नाही.

बाईंनी आम्हाला बाहेरच्या बाकावर बसून याचं उत्तर घेऊन यायला सांगितलं. वकील नकोत, म्हणाल्या, तुम्ही तिघंच जा. आम्ही बसलो. इतके महिने आम्ही ती कोणाची यावर भांडत होतो. तिचा प्रश्न तो नव्हताच. तिला फक्त कोणत्या दिवशी कोणाच्या मागे चालायचं ते हवं होतं. त्यानेच मुलीकडे वळून सुरुवात केली. शाळा आहे तोवर तुझ्या आईच्या मागे. मी म्हटलं, दिवाळीला आणि मे महिन्यात बाबाच्या मागे, भिवंडीला नाही, आजीच्या घरी. तो म्हणाला, बोहाड्याची सोंगं नाचतात त्या रात्रीही माझ्या मागे. मी हो म्हटलं. तिच्या खाण्याला शेतातला भात बाबा पोचवून जाईल, हेही तिथेच ठरलं. मुलीने एकेक गोष्ट परत म्हणून घेतली. शिमगा राहिलाय, म्हणाली. शिमगा आम्ही विसरलो होतो. तोही वाटून घेतला.

बाईंनी ते तसंच लिहून घेतलं. दोन्ही वकिलांनी खाली सह्या केल्या, पण एकमेकांकडे बघितलं नाही.

मग मुलीने गाठ सोडली. रात्रभराच्या घामाने ती घट्ट बसली होती, तिला दात लावावे लागले. सुटली तशी पदर माझ्याकडे आला, उपरणं त्याच्याकडे गेलं, आणि आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. आता जायला मोकळे होतो आणि पाय उचलत नव्हता. पलीकडच्या बाकावरच्या एका परक्या बाईने नवरा-नवरीला जागा हवी असेल म्हणून सरकून घेतलं.

एसटी स्टँडवर त्याची गाडी आधी लागली. मुलगी माझा हात सोडून त्याच्या मागे निघाली. आत्ताच तर ठरलं होतं, आणि मे महिना लागायला अजून आठवडा होता. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. ती त्याच्यामागून गाडीच्या दारापर्यंत गेली, तो चढेपर्यंत थांबली, खिडकीतून त्याने काहीतरी सांगितलं ते मान हलवत ऐकलं. गाडी वळणाआड गेली तरी ती तिकडेच बघत उभी होती. मग परत आली, माझ्या पुढे नाही, शेजारीही नाही, मागे येऊन उभी राहिली आणि माझ्या पदराचं चुरगळलेलं टोक धरलं.

"चल," ती म्हणाली. "आता तुझे मांगं."